चार वाजताच्या चहाला तीन वार

१ सप्टेंबर २०२५, सोमवार

आजपासून पॅसिफिकच्या सर्व्हिस कॉलचं बुकिंग माझ्याकडे आलं. भोसरीच्या आमच्या कारखान्यात बनलेली, समुद्राचं खारं पाणी गोडं करणारी यंत्रं तिकडे पाच ठिकाणी चालू आहेत: सामोआत आपिया, अमेरिकन सामोआत पागो पागो, फिजीत सुवा, किरिबातीत तारावा आणि किरितिमाती. सुटे भाग आणि बिलं ऑकलंडच्या डीलरमार्फत जातात. यंत्र अडलं की तिथला ऑपरेटर व्हिडिओ कॉल लावतो आणि इथला इंजिनिअर बघून सांगतो, कुठला व्हॉल्व्ह किती फिरवायचा. आजवर हे सगळं व्हॉट्सॲपवर आणि अण्णांच्या डोक्यात चाललं. अण्णा म्हणजे आमचे सर्व्हिसचे प्रमुख. मार्चमध्ये ते निवृत्त होतायत. त्यांच्या डोक्यातलं आधी कागदावर आणि मग सॉफ्टवेअरमध्ये आणायचं, हे माझं काम.

सकाळी एक्सेलमध्ये 'फरक' नावाचा रकाना केला. तारावा आणि सुवा आपल्या साडेसहा तास पुढे, आपिया साडेसात, किरितिमाती साडेआठ. ऑकलंड सध्या साडेसहा तास पुढे. पागो पागो मात्र साडेसोळा तास मागे.

आपली जनरल शिफ्ट नऊ ते साडेपाच. आपियात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा इथे रात्रीचा दीड असतो. आपण नऊला खुर्चीत बसतो तेव्हा तिथे साडेचार झालेले, माणूस हात धुऊन घरी निघायच्या बेतात. म्हणजे दिवसाकाठी जेमतेम अर्धा तास हाताला लागतो. किरितिमातीला तोही नाही. आपल्या नऊला तिथे संध्याकाळचे साडेपाच.

अण्णांना विचारलं, इतकी वर्षं कसं निभावलंत? ते म्हणाले, "पहाटे साडेपाचला फोन उशाशी घेऊन बसायचो." घरातल्यांनी हे किती वर्षं सोसलं असेल, हे कुठल्याच रकान्यात दिसत नाही.

३ सप्टेंबर, बुधवार

किरितिमातीची नोंद घालायला गेलो तर फॉर्मने लाल चौकट दाखवली: 'फरक उणे १२ ते अधिक १२ यांच्यातच हवा.' ही तपासणी आमच्याच जुन्या एका प्रकल्पातून उचललेली. चोवीस तासांचे दोन भाग, इकडे बारा, तिकडे बारा, असा हिशेब कोणीतरी मनाशी केला आणि लिहून टाकला. मीही तोच केला असता.

किरितिमाती यूटीसीच्या, म्हणजे जगभरची घड्याळं ज्या वेळेवरून मोजतात तिच्या, १४ तास पुढे आहे. टंकलेखनाची चूक वाटावी असा आकडा, पण बरोबर आहे, आणि त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. किरिबाती म्हणजे ३३ बेटं, आणि ती इतकी विखुरलेली की तारावापासून किरितिमाती तीन हजार किलोमीटरहून लांब. १९७९ मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा आंतरराष्ट्रीय वाररेषा त्याच्या मधून जात होती. राजधानी तारावात सोमवार, तर पूर्वेकडच्या बेटांवर रविवार. राजधानीचा शनिवार-रविवार सुट्टीचा आणि तिकडचा शनिवार-रविवार वेगळ्या दिवशी, त्यामुळे एकाच सरकारच्या दोन कचेऱ्यांना आठवड्यातले चारच दिवस एकमेकांशी बोलता यायचं. शेवटी १९९५ च्या तोंडावर सरकारने पूर्वेकडच्या बेटांचा एक दिवस गाळला आणि अख्खा देश एका वारावर आणला. घड्याळाचे काटे जिथे होते तिथेच राहिले, बदलला तो वार. उणे १० चे अधिक १४ झाले ते असे.

म्हणून आज हवाईत आणि किरितिमातीत घड्याळ तंतोतंत एक असतं आणि तारखेत मात्र पूर्ण एका दिवसाचा फरक.

मुळात ही वाररेषा कुठल्या करारात आखलेली नाही. ग्रिनिचला शून्य रेखावृत्त मानायचं हे १८८४ च्या वॉशिंग्टनच्या परिषदेत ठरलं, पण दिवस कुठे बदलायचा हे तिथे कोणी बांधून घातलं नाही. आपण कुठल्या बाजूला राहायचं ते प्रत्येक देश ठरवतो, आणि नकाशे काढणारे त्याच्यामागून रेघ वळवतात.

तपासणी उणे १२ ते अधिक १४ केली. जगाच्या घड्याळांचा पसारा २६ तासांचा आहे, हे आज पहिल्यांदा नीट डोक्यात शिरलं.

जाता जाता: तिकडच्या भाषेत 'ती'चा उच्चार 'स' होतो. देशाचं नाव लिहायचं किरिबाती आणि म्हणायचं किरिबास. किरितिमाती म्हणजे किरिस्मस, म्हणजेच ख्रिसमस. जेम्स कुक तिथे १७७७ च्या नाताळच्या आदल्या दिवशी पोचला होता. आमचे इंजिनिअर फोनवर 'किरि-ती-माती' म्हणायचे आणि पलीकडचा माणूस एक क्षण गप्प व्हायचा. त्याचं कारण आज कळलं. सगळ्यांना उच्चार लिहून दिला.

८ सप्टेंबर, सोमवार

आज चूक झाली, आणि ती माझी.

पागो पागोच्या ऑपरेटरला मेम्ब्रेन धुण्याचं प्रशिक्षण द्यायचं होतं. मी रकाना बघितला, साडेसोळा वजा केले, आपल्या साडेआठला तिथे दुपारचे चार. वेळ चांगली वाटली आणि बुक केली. अण्णांनी साडेआठला कॉल लावला. पडद्यावर माणूस आला तो घराच्या ओसरीवर बसलेला, अंगात पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट. मागे लहान मुलं, कोणीतरी ताटं उचलत होतं. अण्णा दोन मिनिटं पंपाबद्दल बोलत राहिले. मग थांबले आणि विचारलं, "यंत्राचा आवाज का येत नाही?"

तो हळूच म्हणाला, "आज इथे रविवार आहे."

आदल्या रात्रीपासून त्याला ठाऊक होतं. आमचा मेसेज पोचला तेव्हाच त्याच्या लक्षात आलं होतं, पण भारतातून साहेब लोक बोलावतायत म्हणून चर्चहून आल्यावर कपडेही न बदलता फोन घेऊन बसला. सामोआत रविवार म्हणजे चर्च आणि मग सगळ्या घराने एकत्र बसून जेवण. त्या दिवशी कामाचं कोणी विचारत नाही. अण्णांनी माफी मागितली आणि कॉल बंद केला. नंतर बराच वेळ ते माझ्याशी बोलले नाहीत. रागावले नव्हते, त्यांना वाईट वाटलं होतं.

तास मी बरोबर मोजले होते. वार बघितलाच नव्हता.

९ सप्टेंबर, मंगळवार

आज मोठ्या कागदावर तीन ओळींचा आठवडा काढला: पुणे, आपिया, पागो पागो. आपल्या सोमवारच्या सकाळी पागो पागोत रविवार. आपल्या शनिवारच्या सकाळी पागो पागोत शुक्रवार, पण आपियात शनिवार. सगळ्यांचा कामाचा दिवस एकाच वेळी हवा असेल तर आपले मंगळवार ते शुक्रवार, चारच. किरिबातीबद्दल परवा जे वाचलं तेच आपल्या टेबलावर येऊन बसलं.

आपिया आणि पागो पागो यांच्यातलं अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे, पुणे-सातारा असावं तेवढं. दोन्हीकडे भाषा एक, नाती एकमेकांत गुंतलेली, आणि घड्याळात पूर्ण चोवीस तासांचा फरक. आपियातून शनिवारी सकाळी विमानात बसलेला माणूस पागो पागोत शुक्रवारी सकाळी उतरतो.

हे असं पूर्वीपासून नव्हतं. १८९२ मध्ये अमेरिकी व्यापाऱ्यांच्या सोयीसाठी सामोआने अमेरिकेकडचा वार घेतला. त्या वर्षी ४ जुलै दोनदा आली. पुढची शंभराहून जास्त वर्षं हेच चाललं. मग व्यापाराचं तोंड ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडकडे वळलं, आणि आठवड्याचे दोन दिवस वाया जायला लागले: सामोआत शुक्रवार तेव्हा ऑकलंडला शनिवारची सुट्टी, सामोआ रविवारी चर्चमध्ये तेव्हा सिडनीत सोमवारचं काम सुरू. तुइलाएपा साइलेले मालिएलेगाओई पंतप्रधान असताना त्यांनी हे बदललं. २९ डिसेंबर २०११, गुरुवार संपला आणि थेट ३१ डिसेंबर, शनिवार उजाडला. ३० तारखेचा शुक्रवार सामोआत झालाच नाही. न्यूझीलंडच्या अमलाखालच्या तोकेलाऊ बेटांनीही तोच दिवस गाळला. अमेरिकन सामोआ होता तिथेच राहिला.

रात्री जेवताना आईला सांगितलं. मला वाटलं चकित होईल. ती म्हणाली, "म्हणजे तिथीचा क्षय." आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून दाखवायला लागली, यंदा नवरात्रात एक तिथी वाढली आहे, २२ ला घट बसणार आणि दसरा २ ऑक्टोबरला, म्हणजे घट नेहमीपेक्षा एक दिवस जास्त. क्षय तिथी आणि वृद्धी तिथी ज्या घरात रोज बोलण्यात असतात तिथे नाहीसा झालेला शुक्रवार आणि दोनदा आलेली ४ जुलै समजावून सांगावी लागत नाही. मी तिला एवढंच म्हटलं, की तिथीचा क्षय चंद्रामुळे होतो, हा मात्र माणसांनी संसदेत बसून केला. त्यावर तिचा प्रश्न: "मग त्या शुक्रवारचा पगार?" तो द्यावा लागला होता, न झालेल्या दिवसाचा पगार कापायचा नाही असं सरकारने ठरवलं होतं.

आणखी एक गोष्ट वाचली ती मनातून जात नाही. शनिवार हाच देवाचा दिवस मानणारा ॲडव्हेंटिस्ट पंथ तिथे आहे. वार पुढे सरकल्यावर त्यांच्यात प्रश्न उभा राहिला: सातवा दिवस कुठला, कॅलेंडर म्हणतं तो शनिवार की ज्या दिवसाला कालपर्यंत शनिवार म्हणत होतो तो? पंथाने जुनाच दिवस धरला, म्हणजे नव्या कॅलेंडरचा रविवार. काहींनी ते मान्य केलं नाही आणि ते वेगळे झाले. आम्ही ज्याला सेटिंग म्हणतो त्याच्यावरून तिथे प्रार्थनेला बसणारी माणसं दुभंगली.

१५ सप्टेंबर, सोमवार

'फरक' हा रकाना आज काढून टाकला.

हा निर्णय माझ्या मते या सगळ्या कामातला सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून कारणासह लिहितो. फरक हा आकडा त्या-त्या दिवसापुरता खरा असतो. उद्याचा आकडा तिथलं सरकार ठरवतं. सामोआत २०१० पासून उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करायचे, २०२१ मध्ये ते बंद केलं. फिजीतही करायचे, तिथे जानेवारी २०२१ नंतर काटे हललेले नाहीत. टोंगाने २०१६-१७ च्या उन्हाळ्यात करून बघितलं आणि सोडून दिलं. ज्याने २०२० मध्ये आपियाच्या नावापुढे 'अधिक १४, उन्हाळा' असं कोरून ठेवलं असेल त्याच्या वहीत ते आजही तसंच असेल.

म्हणून आकडा साठवायचा नाही, गावाचं नाव साठवायचं. जगभरच्या संगणकांत एक सामायिक यादी असते. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी ती सुरू केली, पॉल एगर्ट गेली अनेक वर्षं ती सांभाळतायत, आणि तिच्यात प्रत्येक ठिकाणच्या घड्याळाचा निदान १९७० पासूनचा इतिहास आहे. आपण तिच्यात 'एशिया/कोलकाता' आहोत, ते 'पॅसिफिक/आपिया', 'पॅसिफिक/पागो_पागो', 'पॅसिफिक/तारावा', 'पॅसिफिक/किरितिमाती'. कुठल्या सरकारने नियम बदलला की यादीची नवी आवृत्ती येते आणि सर्व्हरवर ती चढवायची, एवढंच आपलं काम. पण ते करायलाच हवं. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी ही आवृत्ती तपासायची, असं देखभालीच्या तक्त्यात घातलं.

डेटाबेसचंही एक लिहून ठेवतो, पुढे कोणी अडकायला नको. पोस्टग्रेसमध्ये 'टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन' असा प्रकार आहे. नावावरून वाटतं की टाइम झोन आत साठवला जातो. तसं होत नाही. तो वेळ यूटीसीत बदलून ठेवतो आणि झोन विसरून जातो. घडून गेलेल्या गोष्टींसाठी हे उत्तम आहे: कॉल कधी सुरू झाला, कधी संपला. पण पुढच्या वर्षीच्या एप्रिलचा वार्षिक तपासणीचा कॉल 'आपियात सकाळी १० वाजता' असा ठरला असेल, तर खरं वचन त्या दहाचं आहे. मधे सरकारने घड्याळ हलवलं तर यूटीसी बदलेल, दहा बदलणार नाहीत. म्हणून पुढच्या भेटींसाठी तीन रकाने: तिथली तारीख आणि वेळ, गावाचं नाव, आणि हिशेबाने काढलेली यूटीसी. पहिले दोन खरे, तिसरा यादीची नवी आवृत्ती आली की पुन्हा काढायचा.

अण्णांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, मुंबईतही असंच होतं ना? बरोबर आहे. १९०६ पासून देशात भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबईने आपली 'बॉम्बे टाइम' सोडली नाही. ती ३९ मिनिटं मागे होती आणि १९५५ पर्यंत चालली. मुंबईतल्या दोन घड्याळांत ३९ मिनिटांचा फरक का, हे त्या काळी नुसत्या आकड्यांवरून कोणाला कळलं असतं?

१७ सप्टेंबर, बुधवार

जूनपासून आलेल्या ट्रेनीने आज एक गोष्ट पकडली, ती स्वतःच्याच कामात. तिने तारावासाठी यादीतला 'ईटीसी/जीएमटी+१२' निवडला होता. तारावा अधिक १२ म्हणून बरोबर वाटतं. पण या नावांत चिन्ह उलटं आहे, ग्रिनिचच्या पश्चिमेला अधिक आणि पूर्वेला उणे, जुन्या युनिक्सच्या प्रथेप्रमाणे. म्हणजे तिने निवडलेला झोन प्रत्यक्षात उणे १२ होता.

खरा धोका असा की अधिक १२ आणि उणे १२ यांच्यात बरोबर चोवीस तास. पडद्यावर घड्याळ अचूक दिसतं, मिनिटाचाही फरक नाही. फक्त तारीख एक दिवस मागची. चाचणीत वेळ तपासली, वेळ बरोबर आली, चाचणी हिरवी. तिने तारीख मोठ्याने वाचली म्हणून कळलं. मी ८ तारखेला जे केलं नाही ते तिने केलं. आता प्रत्येक चाचणीत वार लिहिणं सक्तीचं केलं, आणि 'ईटीसी' ने सुरू होणारी नावं निवडीच्या यादीतून काढली.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आपियाच्या जुन्या नोंदी आज सिस्टिममध्ये चढवल्या. तिथलं यंत्र २०१० पासूनचं आहे. रोज ऑपरेटर अवर मीटरचा आकडा लॉगबुकात लिहितो, म्हणजे पंप किती तास चालला ते कळतं.

अहवालात एक खड्डा दिसला. २८ डिसेंबर २०११ सकाळी ८ ते २ जानेवारी २०१२ सकाळी ८. मीटर ९६ तास पुढे सरकलेला. आपल्या हिशेबात पाच दिवस, म्हणजे १२० तास. यंत्र ८० टक्केच चाललं, असं अहवाल म्हणतो आणि लाल रंगात दाखवतो. सर्व्हिसच्या एका मुलाने लगेच शोधायला घेतलं, तेव्हा काय बिघडलं होतं, कुठला भाग बदलला होता.

काहीच बिघडलं नव्हतं. त्या पाच तारखांमध्ये चारच दिवस होते. यंत्र ९६ च्या ९६ तास चाललं होतं.

नुसत्या तारखा एकमेकांतून वजा केल्या की असं होतं. दोन्ही वेळा आधी यूटीसीत आणून मग वजा केल्या, ९६ आले. गंमत म्हणून पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेला विचारलं: आपियात ३० डिसेंबर २०११ दुपारी १२. जो दिवस झालाच नाही त्यावर त्याने हरकत घेतली नाही. तो वेळ यूटीसीत नेला आणि परत आपियाच्या वेळेत आणला, तर उत्तर आलं ३१ डिसेंबर दुपारी १२. गुपचूप. म्हणून आपली तपासणी आपणच लिहायची: नेऊन परत आणल्यावर तारीख तीच राहिली नाही तर नोंद थांबवायची आणि माणसाला विचारायचं.

अहवालातली ओळ दुरुस्त झाली, पण मला पुरावा हवा आहे. आपियाला त्या पानांचा फोटो मागितला.

२४ सप्टेंबर, बुधवार

दुपारी चारला कँटीनमध्ये चहा आला तेव्हा ट्रेनीने लॅपटॉपवर तीन घड्याळं उघडून सगळ्यांना दाखवली. पुणे: बुधवार, दुपारचे ४. पागो पागो: मंगळवार, रात्रीचे साडेअकरा. किरितिमाती: गुरुवार, रात्रीचे साडेबारा. एकाच चहाच्या घोटाला मंगळवार, बुधवार आणि गुरुवार. रोज साडेतीन ते साडेचार, तासभर, माणसं राहत असलेल्या जगात तीन तारखा एकत्र नांदतात. असेंब्लीतले दोघं-तिघं उभ्या उभ्या बघत राहिले. एकाने विचारलं, "मग त्यातला खरा कुठला?" तिघेही, असं मी म्हटलं, आणि मला ते मनापासून पटलेलं आहे.

त्यावरून मेसेजचा मसुदा बदलला. आधी त्यांचा वार, मग त्यांची तारीख, मग त्यांची वेळ आणि गावाचं नाव. खाली लहान अक्षरात आपलं. 'आज', 'उद्या', 'या वीकएंडला', 'दिवस संपायच्या आत' हे शब्द मेसेजमधून पार काढले. आपल्या शुक्रवारी संध्याकाळी सहाला आपियात शनिवारचा रात्रीचा दीड असतो. 'शुक्रवारपर्यंत पाठवा' म्हटलं तर कोणाचा शुक्रवार?

२९ सप्टेंबर, सोमवार

काल न्यूझीलंडने घड्याळ तासभर पुढे केलं, दरवर्षीप्रमाणे सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी. मंगळवारची साप्ताहिक बैठक आपल्या साडेसातला असते, ऑकलंडच्या दोनला. आता तेच तिथे तीन होणार. डीलरच्या बाईंनी आधीच कळवलं होतं की तीनला मुलांना शाळेतून आणायचं असतं.

बैठक कोणाच्या घड्याळाला बांधायची, हे सिस्टिम ठरवू शकत नाही. ते विचारून ठरवायचं असतं. ऑकलंडचे दोन धरले तर आपल्याकडे साडेसहा. मग बाकीची ठिकाणं लावून बघितली. पुण्यात सकाळी साडेसहा: ऑकलंड आणि आपिया दुपारी दोन, सुवा आणि तारावा एक, किरितिमाती तीन, पागो पागो आदल्या दिवशीचे दोन. सगळीकडे लख्ख उजेड, सगळे कामावर. मंगळवार ते शुक्रवार असेल तर सगळीकडे कामाचाच वार. याहून चांगली खिडकी चोवीस तासांत दुसरी नाही. हातात पेन घेऊन सगळे तास तपासले.

त्याची किंमत आपल्याकडे मोजली जाते. फर्स्ट शिफ्ट सहाला लागते, कंपनीची बस पावणेसहाला गेटवर असते, म्हणजे चिखलीहून येणाऱ्याने पाचला घर सोडायचं. सर्व्हिसमध्ये पाच जण. त्यातल्या एका ताईंचा मुलगा पहिलीत आहे, त्याचा डबा आणि शाळेची रिक्षा त्याच वेळेला. आधी नुसतं 'सगळ्यांनी आळीपाळीने' असं ठरत होतं. मी बैठकीत विरोध केला. कॅलेंडरवर सगळे चौकोन सारखे दिसतात, घरं सारखी नसतात. शेवटी ठरलं ते असं: चौघे आळीपाळीने, त्या आठवड्यात दुपारी अडीचला सुट्टी आणि शिफ्टचा भत्ता, ताई आपल्या जनरल शिफ्टमध्ये लेखी पाठपुरावा बघतील. एप्रिलच्या पहिल्या रविवारी ऑकलंडचं घड्याळ मागे आलं की आपली वेळ पुन्हा साडेसात. तेवढे महिने सगळ्यांना तासभर झोप जास्त मिळेल.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. सकाळी साडेसहाला तारावाचा कॉल. शॉपफ्लोअरवर पूजेची तयारी चाललेली, लेथला आणि मोठ्या टेस्टिंग पंपाला झेंडूच्या माळा घातलेल्या. तारावाच्या ऑपरेटरने कॅमेरा त्या पंपाकडे वळवायला सांगितलं आणि विचारलं, हे काय? आम्ही सांगितलं, वर्षातून एकदा हत्यारांची आणि यंत्रांची पूजा करतो. त्याने मान डोलावली, आपल्या पंपावर हात ठेवला आणि मग प्रेशरचा आकडा वाचून दाखवला: ५५ बार. ठीक आहे.

६ ऑक्टोबर, सोमवार

सुट्ट्यांचं कॅलेंडर जोडलं. प्रत्येक गावाचं वेगळं. सामोआत ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी मुलांचा सण असतो, लोटु तामाइती; मुलं पांढरे कपडे घालून चर्चमध्ये सगळा कार्यक्रम करतात, आणि त्या दिवशी त्यांना मोठ्यांच्या आधी वाढतात. दुसऱ्या दिवशी, सोमवारी १३ ला, सार्वजनिक सुट्टी. म्हणजे त्या सोमवारी आपियाला कॉल नाही. आपली दिवाळी २० ते २३. त्या चार दिवसांसाठी तातडीचा एकच नंबर, अण्णांनी स्वतः मागून घेतला.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

सिस्टिम मंगळवारपासून सुरू आहे. चार दिवसांत अकरा बुकिंग, एकही चुकलेलं नाही. पागो पागोच्या ऑपरेटरचं राहिलेलं प्रशिक्षण आज झालं, आपल्या शुक्रवारी सकाळी साडेसहाला, त्याच्या गुरुवारी दुपारी दोनला. यंत्राचा आवाज इतका होता की अण्णांना ओरडून बोलावं लागलं.

चॅटहॅम बेटांवरून डीलरकडे विचारणा आली आहे. तिथलं घड्याळ न्यूझीलंडच्या पाऊण तास पुढे चालतं. आपले स्लॉट अर्ध्या तासाचे आहेत, ते पाव तासाचे करावे लागतील. पुढच्या आठवड्याचं काम, दिवाळीनंतर.

दुपारी आपियाहून लॉगबुकच्या पानाचा फोटो आला. रेघांची वही, ओलीने कडा फुगलेल्या, निळ्या बॉलपेनने लिहिलेलं. २८, मग २९, आणि त्याच्या लगेच खालच्या ओळीत ३१. मधे एकही ओळ सोडलेली नाही. २९ च्या आणि ३१ च्या सकाळच्या आठच्या आकड्यांत बरोबर २४ चा फरक. ज्याने ते लिहिलं तोच ऑपरेटर आजही तिथे आहे. त्याने खाली दोन ओळी लिहून पाठवल्या: त्या रात्री पाळी माझीच होती, मध्यरात्री चर्चच्या घंटा वाजल्या, आणि मी पुढची तारीख घातली.

तो फोटो आपियाच्या नोंदीला जोडून ठेवला. अहवालात त्या जागी आता लाल रंग नाही, एक टीप आहे: '३० डिसेंबर २०११ इथे झाला नाही. यंत्र चालू होतं.'